गळतीचा आकडा

“मॉडेल सापडलं नाही,” म्हणतो संगणक,
आणि तो तर समोर टेबलावर पडलाय,
तीन पायांचा, काळा, पोटाला चीर गेलेला,
‘एकवीरा प्रसाद’च्या फिशफाइंडरमधून उपटलेला
या हंगामातला तिसरा मॉस्फेट.
कसा नाही सापडला? हा काय.
पण आकृतीतलं चिन्ह म्हणजे नुसती दारावरची पाटी,
घरात माणूस आहे की नाही, पाटीला काय ठाऊक.

बनवणारी कंपनी बुडून बारा वर्षं झाली.
मग मी त्याच्या जवळच्या नात्यातला एक शोधला,
त्याची फाइल उघडली, दुसऱ्या नावाने जपून ठेवली.
टिंब, मॉडेल, नाव, कंस:
कितव्या व्होल्टला जागा होतो,
उघडा असताना किती अडवतो,
गेटच्या पोटात किती साठवतो.
स्थळ बघायला आलेल्यांचे प्रश्न.
उत्तरं सगळी पंचवीस अंशांची,
म्हणजे हर्णैला पौषात, पहाटे, तासभर असते त्या हवेची.

मग ग्राउंड. त्याला शून्य क्रमांकाचा नोड लागतोच,
नाहीतर पाऊल उचलत नाही.
बोटीवर शून्य कुठे धरायचं?
इंजिनच्या पायाशी, तिथून पंख्याच्या शाफ्टला, तिथून पाण्याला.
वायर ओढली, खाली तीन आडव्या रेघा काढल्या
आणि मनात म्हटलं, हा समुद्र.

चालवलं.
हिरवी रेघ आली. पल्स, विसावा, पल्स,
इस्त्री केल्यासारखी. मॉस्फेट थंडगार.
या पडद्यावर तो शंभर वर्षं जळणार नाही.

हमजाचाचा दारातल्या स्टुलावर,
लिलावातली मांदेली पायाशी पिशवीत ठिबकत.
डावा डोळा गेलाय. उजव्याने
सोल्डर अजून माझ्याहून बारीक.
“झ्याक हाय,” म्हणाला. “ह्यो कवा बोटीवर गेलता काय?”

मग त्याने वही काढली,
बर्फ कारखान्याच्या पावत्यांची, मागून कोरी.
तीस वर्षांचे आकडे,
बोटीचं नाव उर्दूत, ओहम मराठीत.
एका पानावर बोट ठेवलं:
दर्यावरून आलेला बोर्ड, न पुसता,
गेट ते चोवीस व्होल्ट, चाळीस हजार.
“आदी मोजायचा, मग पुसायचा. पुसला का आकडा पलाला.”
मी पाच वर्षं ब्रश आणि स्पिरिट घेऊन
आधी पुसतच आले होते.

एक रेझिस्टर काढला,
जिथे सर्किटमध्ये कुणीच काही जोडलेलं नाही तिथे.
नाव दिलं आर-खार. चाळीस के.
तापमान बावन्न, इंजिनच्या भिंतीला टेकल्यासारखं.
आधी ते रुसलं. एका क्षणाचे तुकडे,
तुकड्याचे तुकडे करत बसलं
आणि म्हणालं, याहून बारीक जमत नाही.
दुसऱ्यांदा रेघ आली.
विसाव्यात, जिथे गेटने शून्यावर निजायचं,
तिथे ते पाचाच्या जरासं खाली, अर्धवट जागं,
दोन पल्सच्या मध्ये, कुणाचं लक्ष नसताना, तापत होतं.

गेटला खाली ओढणारा रेझिस्टर दहा के होता.
एक के केला. निजलं.

एक रुपयाचा माल.
“पावश्याला सांगू नको,” चाचा म्हणाला,
“पाचशे घे, आनि रातभर जागलीस म्हन.”

फाइल जपताना वर एक ओळ लिहिली.
तारका लावली की संगणक ती ओळ वाचत नाही,
ओलांडून पुढे जातो:
* मोजणी हमजा होडेकर, हर्णै, भाद्रपद, बोर्ड न पुसता.

“काय लिवलास?”
“तुमचं नाव.”
“मंग म्हाजा बी आकडा टाक,” म्हणाला,
पिशवी उचलत, पायरी चाचपत,
“उजवा डोला, दिवेलागनीनंतर, निम्मा.”