कर्नलची परवानगी

आईला वाटतं, कर्नल म्हणजे खडकीतलाच कुणी लष्करी माणूस,
मिशीवाला, रात्री दोनला मला पाषाणला बोलावणारा.
"त्याला घरदार नाही का?"
नाही, आई. त्याला फक्त यंत्रं आहेत,
प्रत्येकाचं नाव त्याच्या वहीत,
आणि नाव कापल्याशिवाय तो कुणाला जाऊ देत नाही.

संस्थेच्या तळघरात, तिसऱ्या रॅकवर
मुजावर सरांच्या अक्षरातली पाटी अजून आहे:
"विचारल्याशिवाय काहीही उपटू नये.
विचारूनही शक्यतो नये."
सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
चिकटपट्टी पिवळी पडली, हुकूम नाही.

आज सात नंबरची डिस्क खरखरते आहे,
दम्याच्या माणसानं जिना चढावा तशी.
हात घालून ओढली तर येईल, दोन सेकंदांचं काम.
पण तिच्याकडे निघालेली वाक्यं वाटेतच राहतील,
लिहायला घेतलेली, न टेकलेली,
आणि कर्नल पहाटेपर्यंत हाका मारत बसेल
रिकाम्या खाचेत.

म्हणून आधी सांगायचं.
सांगायची जागा म्हणजे एक फाईल, डिलीट नावाची.
विचित्र फाईल. वाचता येत नाही, फक्त लिहिता येतं,
तेही रूटला, म्हणजे आज रात्रीपुरतं मला.
आकार दाखवते चार हजार शहाण्णव बाइट,
आत काहीच नसतं.
तिच्यात 'एक' हा आकडा लिहायचा. बस.
एवढ्यानं कर्नल वही उघडतो,
राहिलेलं सगळं खाली उतरवून घेतो,
तबकडीला म्हणतो, थांब आता,
आणि नाव कापतो.

बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते.
गेटवर पितळी बिल्ला, चव्वेचाळीस सतरा.
संध्याकाळी फळीवर बिल्ला अडकवला नाही
तर माणूस आतच आहे असं धरायचे,
भोंगा झाला, दिवे गेले, तरी आतच.
एकदा विसरून तो खिशातच घेऊन आले,
तर रात्री दाराशी जीप.
बाबा आमटीभात कालवत होते,
आणि कागदावर
अजून स्फोटकांच्या शेडमध्ये होते.

अनमाउंट म्हटलं. उत्तर आलं: व्यस्त.
कोणामुळे? शोधलं.
एक किरकोळ प्रोसेस, चार वर्षं चालू,
दर मिनिटाला एक ओळ लिहिणारी.
मालक: मुजावर.

दोन वाजून चाळीस. तरी फोन केला.
पहिल्या रिंगला उचलला.
"कोंढव्यात वीज गेलीय, जागाच आहे. बोल."
सांगितलं.
"अगं, ते खोलीचं तापमान. एसी बिघडला होता ना,
तेव्हा तात्पुरतं लावलं होतं."
"मारू?"
पलीकडे पंख्याचाही आवाज नव्हता.
"शेवटची ओळ वाच आधी."
"अठरा पॉइंट चार."
"फार गार करता तुम्ही लोक. बिल कोण भरतं?"
मग जरा वेळानं,
"मार."

मारली.
पुन्हा अनमाउंट. या वेळी कुणी अडवलं नाही.
'एक' लिहिला, एंटर दाबला.
खरखर उतरत उतरत गुणगुण झाली,
मग तीही नाही. हिरवा दिवा गेला.
खाचेतून डिस्क ओढली तर कोमट,
नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.
रजिस्टरात 'कारण' या रकान्यात लिहिलं: आवाज.
'कोणाच्या परवानगीनं' हा रकाना
मी बराच वेळ कोरा ठेवला.

साडेसहाला खडकीला उतरले. आई दारातच.
"सोडलं का कर्नलनं?"
"सोडलं."
"मग चपला बाहेर काढ. फरशी पुसलीय."