मळ

आर्व्हो कांगासने एकतीस वर्षं इंजिनं धुतली
प्रॉक्टरच्या यार्डात, डलूथच्या वरच्या टेकाडावर,
जिथे ऑक्टोबरातच नळ आखडतात
आणि लांब दांड्याच्या ब्रशाचे केस
पहाटे काचेसारखे मोडतात.
आता तळघरात बसून तो इंजिनं मळवतो.

"फिटंफाट करतोय," म्हणतो,
आणि खोक्यातून वीतभर लांबीचं मरून इंजिन
असं बाहेर काढतो, जसं काही
कुणी गळ्यात मारलंय.
फार चकाकतं.
"ह्याने एक दिवस काम केलेलं नाही."

आमची वाटणी ठरलेली आहे:
वीज माझी, मळ त्याचा.
डाग द्यायला कापरा हात चालतो,
डाख द्यायला नाही.

मी टरफल उचलते.
आतला जुना दिवा, गव्हाच्या दाण्याएवढा,
भोवतीचं प्लास्टिक वितळवून बसलेला.
तो उपटते, एलईडी बसवते, त्याला रेझिस्टर,
मग आठ तारांचा डिकोडर,
डिझेलच्या टाकीत नखाएवढा स्पीकर.
जाडजूड साचेबंद कठडे खरवडून काढते
आणि पितळी तारेचे लावते,
एकेक भोक पाडत, श्वास धरून.
चार भोकांमागे एक बिट मोडतं.
शिवी मी फिनिशमधून देते.
त्यानेच शिकवलेली.

मग त्याची पाळी.
आधी मॅट वार्निशचा फवारा. चकाकी मरते.
मग स्पिरिटमध्ये काळ्या शाईचे चार थेंब,
जाळ्यांमधून, रिव्हेटांच्या ओळींमधून
आपापले उतरू द्यायचे, घाई नाही.
छतावर काजळी, धुराड्याच्या मागे जास्त,
कारण गाडी पुढे जाते.
चाकांपाशी वाळूचे फिके ओघळ.
आणि गेरू.
गेरू खरा. खनिजाच्या धक्क्याखालून खरवडलेला,
हिल्माच्या जॅमच्या बरणीत,
झाकणावर अजून तिच्या अक्षरात
'रासबेरी, थोडी आंबट'.

ब्रश टेकवतो. फुंकतो. पुसतो. पुन्हा टेकवतो.
"मळ वरून खाली येतो असं वाटतं सगळ्यांना.
अर्धा खालून वर चढतो.
लोक नुसती घाण फासतात.
घाणीला रस्ता असतो."

केबिनच्या उजव्या खिडकीखाली मात्र
तो थांबला,
कापसाची काडी जिभेवर ओली केली
आणि तिळाएवढा तुकडा पुसून काढला.
आतला मरून उघडा पडला.

"चुकलं काही?"
"रेइनोचं कोपर."

हे दोनशे सव्वीस त्याचा भाऊ चालवायचा,
खिडकीत कोपर टाकून, थंडीतसुद्धा,
जाड कॅनव्हासच्या जाकिटात.
शनिवारी ते धुवायला यायचं,
छतापासून चाकांपर्यंत तांबडं,
आणि तेवढीच जागा स्वच्छ.
"तिथे मी कधी साबण लावला नाही.
तेवढं त्याने करून ठेवलेलं असायचं."
काडी फिरवत राहिला बोटांत.
"बोलत नव्हतो आम्ही. अकरा वर्षं.
आईच्या चाळीस एकरांवरून,
त्यातली तीस दलदल."

मी काही बोलले नाही.
बोलायचं नसलं की मी वायर सोलते,
पण सोलायला वायर उरली नव्हती,
म्हणून इंजिन उचलून रुळांवर ठेवलं
आणि वार्निशचा शेवटचा हात ओला आहे
हे विसरले.

पाठीमागच्या दारावर माझा अंगठा.
सगळ्या रेघांसकट.
सत्त्याऐंशीपट मोठा, कुणा राक्षसाचा.
मी काडी घेऊन पुसायला गेले.

त्याने भिंग लावून पाहिलं. बराच वेळ.
"राहू दे," म्हणाला.
"यार्डात कुणी ना कुणी हात लावतंच."

मी नॉब फिरवला. आधी दिवा लागला,
मग पोटातून घरघर सुरू झाली,
जरा जास्तच तरुण आवाजाची,
तिसऱ्या खाचेवरचा खोकला अजून मिळाला नाहीये मला.
इंजिन पुठ्ठ्याच्या डोंगरामागे गेलं.
आर्व्हो उठून सिंकपाशी गेला
आणि हात धुवायला लागला,
आधी नखं, मग मनगटं, मग परत नखं,
सवयीचा माणूस,
आणि पाणी तांबडं, तांबडं,
मग जरासं कमी तांबडं.