नकटी

वारसा समितीच्या फॉर्मात आठवा रकाना : हानीचे कारण.
पुण्याहून आलेली पोरगी टेप लावून, टॉर्च मारून
तिसऱ्या मगरीच्या तोंडाशी बराच वेळ बसली,
मग लिहिलं : नैसर्गिक झीज, काळाच्या ओघात.

मी शेजारीच उभा, हातात चावी.
तेहतीस वर्षं या पेठेला पाणी सोडलं.
मला इतकंच विचारलं, काका, जुना नळ कुठून येतो?
दाखवला. मारुतीच्या पाठीमागून, गिरणीच्या जोत्याखालून,
खापरी नळ, कासचं पाणी,
कान टेकला तर अजून घोगरा श्वास ऐकू येतो.
पुढं काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

काळाचं नाव चंपावती भणगे.
वय अकरा, परकर खोचलेला,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
बहात्तर साल. तिसऱ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं.
रात्रीपासून घागरींची रांग,
ज्यांच्या घागरी नाहीत त्यांचे दगड, एक फुटका तवा.
पहाटे पानसकरांची गोजरा मध्येच घुसली
आणि चंपानं घागर फिरवली.
गोजरा वाकली.
मगर कशी वाकणार?

घागरीला पोचा आला. मगरीचं नाक गेलं.
कारंज्याचं जे काही संस्कृत नाव होतं ते त्याच दिवशी संपलं,
नकटीवर जाऊन येते, बाया म्हणायच्या,
आणि पाणी गेलं की शिव्या मला :
नकटीच्या नळाला सतराशे विघ्नं!

नाक गेल्यावर धार डावीकडं कलली.
खाली फरशीवर जुनी खळगी होती, कोपरभर खोल,
किती पिढ्यांच्या घागरी टेकून पडलेली, कुणास ठाऊक.
तिच्या डाव्या अंगाला आमची एक नवी पडत गेली.
वाटीएवढी झाली, मग ताटलीएवढी.
तिच्यात चंपाची घागर बरोबर बसायची,
पोच्यासकट.

आता नवं नाक बसवलंय. दगड जुळवून,
शिवण शोधूनही दिसत नाही, काम चोख आहे, खोटं का बोला.
मूळ तुकडा गहाळ, असं फलकावर लिहिलंय.
त्याखाली : हात लावू नये.
संध्याकाळी जांभळा दिवा लागतो, मोटार घुरघुरते,
खालचंच पाणी वर जातं, वरचंच खाली येतं.
कासची त्याची ओळख नाही.
धार सरळ पडते, जुन्या खळगीत.
डावीकडची कोरडी.
उद्घाटनाला मी ओंजळभर पाणी तिच्यात ओतलं
तर पहारेकऱ्यानं शिट्टी मारली.
पोरगा नवा आहे. त्याचं काही चुकलं नाही.

रात्री विट्याला फोन लावला.
चंपाक्का, म्हटलं, नाक शोधतायत सगळे.
ती खोकली, मग हसली, मग पुन्हा खोकली.
पन्नास वर्षं ते तिच्या लोणच्याच्या बरणीत आहे,
फोडींवर दडपण म्हणून.
लग्नात ट्रंकेच्या तळाशी घालून नेलेलं,
सासूला सांगितलं, देवाचा दगड आहे.

परत देतेस का, विचारलं.
नेऊ देत की, म्हणाली, त्यांचंच आहे.
पण आत्ताच घातलंय यंदाचं.
कैऱ्या मुरू देत आधी.