पत्त्यांचे पाय

मी कोपरे गोल करायचो.
पत्त्यांचा गठ्ठा ठोकून सरळ करायचा, पायाने दाबायचं,
कापलेल्या नखांसारखे तुकडे खाली पडायचे.
घरी गेल्यावर सदऱ्याच्या खिशात सापडायचे, कधी सूपमध्येसुद्धा.
मेलानिया म्हणायची, जगातली सगळी टोकं
तूच काढलीस, तरी स्वभावाची राहिली.

तेओफिला व्रोना वरच्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीशी.
व्रोना म्हणजे आमच्या भाषेत कावळा.
म्हणून तर, ती म्हणायची,
इस्पिकचा काळा मला कुणी शिकवावा लागला नाही.

क्राकुफमधल्या त्या कारखान्यात
तिने माणसं चोरून आणली होती.
किलवरची राणी म्हणजे कॅन्टीनमधली याद्विगा,
बिटाचं सूप वाढताना एक भुवई वर करणारी.
बदामचा राजा आठ नंबरच्या ट्रॅमचा कंडक्टर.
तिकीट नसलं तरी तो
दुसरीकडे बघायचा.
पत्त्यावरही तो दुसरीकडेच बघतोय.

वॉर्सातून एकदा तपासनीस आला.
जनतेच्या राज्यात हे मुकुट कशाला, कॉम्रेड?
तेओफिलाने कुंचला पाण्यात बुडवला, हलवला,
पाणी गढूळ होईपर्यंत हलवत राहिली.
मग म्हणाली,
राजाच नसेल तर एक्का मारणार कुणाला?
तो कागद त्याने सही करून परत दिला.

चौकटच्या गुलामाबद्दल मात्र
ती काही सांगायची नाही.
एवढंच, की हा कुणाचा नोकर नव्हता.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा होता,
जंगलाकडे गेला.
दर छपाईत अजून
एकोणीसचाच निघतो.

मी एकदा विचारलं,
बाई, यांना पाय का नाहीत?
वर एक डोकं, खाली एक डोकं,
मध्ये पोटाशी तिरकी रेघ.
ती म्हणाली, कुणी कसाही धरला
तरी राजा सरळ दिसला पाहिजे.
त्याची काही किंमत असणारच ना.

ती गेली त्या हिवाळ्यात
टेबल रिकामं करायला मलाच पाठवलं.
खालचा खण अडकत होता.
गुडघा लावून ओढला.

आत पाय होते.
बारा कागद, पत्त्याच्याच मापाचे.
कंडक्टरचे, एका टाचेला भोक पडलेले मोजे.
याद्विगाचे सुजलेले घोटे,
लाकडी तळव्यांच्या चपलांत कसेबसे कोंबलेले.
एका राजाचे तर नुसतेच उघडे,
बादलीतल्या गरम पाण्यात.
आणि चौकटच्या गुलामाचे बूट,
गवत लागलेले, मापाला मोठे,
बहुतेक वडलांचे.
डाव्याची नाडी सुटलेली.

अकरा कागद मी कार्यालयात जमा केले.
बाराव्याचे कोपरे गोल केले,
हाताने, कात्रीने,
आणि खिशात घातला.

आता रविवारी आम्ही चौघं
ओनुफ्रीच्या स्वयंपाकघरात खेळतो.
चष्मा पुसायला एकच फडकं, हिशोबाला एकच पेन्सिल.
चौकटचा गुलाम आला की तो मी धरून ठेवतो,
हात हरतो, तीन झ्लोटी जातात.
ओनुफ्री टेबलावर बोट आपटतो:
टाक की रे, काय बघत बसलास?
थांब, मी म्हणतो,
नाडी बांधतोय तो.