खळ

मागल्या शिबिरानंतर यादी लागली होती
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, नावासकट.
सिकलसेलचं लाल कार्ड कोणाला, पिवळं कोणाला,
बाजाराला निघालेल्यांनीही थांबून वाचलं.
जैवंता कोवेच्या पोरीची सोयरीक
सुपारी फुटल्यावर मोडली.

आता मी टॅब घेऊन तिच्या अंगणात.
ती मोहफुलं उलथत राहिली.
"लिवून कोठी नेतेस बाई?"
मी शिकवल्यासारखं म्हटलं, सुरक्षित राहते.
"कोनाच्या घरी?"
प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.

आठ दिवसांनी परत गेले,
तालुक्याच्या दवाखान्यात तीन चकरा मारून.
नाव इथंच राहते, पुढं नुसता आकडा जातो.
आकड्यावरून नाव काढायची चावी दोघांपाशी.
नको म्हटलं तर पुसतात.
त्याच्याही पुढं कोण पाहते,
ते मला कोणी सांगितलं नाही.
हेही सांगितलं.
आणि ती यादी मीच चिकटवली होती,
खळ माझ्याच चुलीवर शिजवलेली.
एवढं सांगायचं ठरवून आले नव्हते.

जैवंता माझ्या हातांकडे पाहत राहिली,
पायली भरताना
व्यापाऱ्याच्या अंगठ्याकडे पाहते तशी.
कोंबडी फुलांत शिरली, तिनं हाकलली नाही.

"धाकट्याचं लिव," म्हणाली.
"पोरीचं नोको.
तिलेच इचार, आली का."

टॅब कोरा रकाना पुढं जाऊ देत नाही.
मी वही काढली.
एक नाव लिहिलं, खाली एक ओळ सोडली.
तिला वाचता येत नाही.
तरी वाकून तिनं पाहिलं,
ओळ कोरीच आहे ना.