पंधरा

ओव्हन गणपतीपासून बंद आहे.
घरमालक म्हणतो, बघतो.
तो ऑक्टोबरातही बघतच होता.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या बर्नडेटबाईंनी
धुण्याची टोपली कमरेवर तोलत
जिन्यातच सगळं सांगून टाकलं.
ना कागद, ना वजनकाटा:
बिस्किटं पंधरा, मार्शमेलो पंधरा, लाल चेरी पंधरा,
डब्यातलं गोड दूध चिकटेल इतपत,
वरून खोबरं.
त्यांच्या कोलरेनला या पदार्थाचं नावच पंधरा.
आणि नातवाला आमच्या दारात ठेवून
त्या टोपलीसकट खाली गेल्या.

डंडीत डिसेंबरचा दिवस साडेतीनला आटोपतो.
टे नदीवरचा पूल आधी जातो, मग नदी,
मग खिडकीच्या काचेत आपणच उरतो:
तिघं, बाह्या वर केलेली,
हात धुतलेले, निदान दोघांचे.

जुईलीला मराठी दहापर्यंत येतं.
पुढचं कधी लागलंच नाही.
लपाछपीला दहा पुरतात,
आमच्या जिन्याच्या पायऱ्याही दहाच.
आज दहावं बिस्कीट ठेवून ती थांबली
आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं पोहायच्या तलावात
पाय टेकेनासे झाले की बघते.

अकरा, मी म्हटलं.
अकरा, ती म्हणाली.
आक्रा, कॅलम म्हणाला, त्याला कुणी विचारलं नव्हतं.
बारा.
तेरा म्हणताना त्याचा 'र' असा गडगडला
की माझाच मला पुळचट वाटला.
चौदा.
आणि पुडा रिकामा.

मी कबूल केलं: काल रात्री, चहात, एक.
"दोन," जुईली म्हणाली. तिने पाहिलं होतं.
बराच वेळ कुणी बोलेना.
मग कॅलमने खिशातून एक बिस्कीट काढलं,
वेगळ्याच घराण्यातलं, मधे जॅम,
कडेला खिशातली लोकर.
फुंकर मारली, रांगेत ठेवलं.
पंद्रा.

पिशवीत भरून लाटण्याने कुटली.
लाटण्याला इतकं मोकळं कधी सोडलं नव्हतं;
खालून बर्नडेटबाईंनी छताला झाडू ठोकला,
रागाने की तालावर, कळलं नाही.
मार्शमेलो, पाकिटावर हिरवं पान शोधून आणलेले,
कात्रीने कापताना कात्रीलाच धरून बसले.
चेरी तेरा झाल्या, मग बारा,
तेव्हा मी मोजणं सोडलं.

लाडू मी आजवर फक्त खाल्लेत.
वळताना तळव्याने नेमकं काय करायचं,
किती दाबायचं, कधी सोडायचं,
हे विचारायचं राहून गेलं.
पण हे वळायचं नसतंच,
खोबऱ्यात लोळवायचं, सुरळी करायची,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ,
मोठ्या थोरल्या चॉकलेटच्या गोळीसारखं.
फ्रिजमध्ये, चार दिवस न फुगलेल्या
इडलीच्या पिठाशेजारी, जागा केली.

दोन तास, मी म्हटलं.
दोघं फ्रिजपुढे मांडी घालून बसले
आणि मोजायला लागले,
पंधरापर्यंत, परत एकपासून,
परत पंधरापर्यंत,
कारण त्यापुढचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
मी भांडी घासत ऐकत राहिलो.
सोळा सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

मंजिरी वॉर्डातून सकाळी साडेआठला आली,
नाताळ उजाडायच्या बेतात होता.
कोट अंगावर, बूट पायात,
फ्रिजच्या उजेडात उभ्याने एक चकती तोंडात,
आणि दाताखाली जॅम आला तशी थबकून,
"हे काय आहे?"

सोफ्यावरून, पांघरुणातून,
डोळेसुद्धा न उघडता उत्तर आलं:
"पंधरा."