मोजा

भुसावळात कपडे वाळायची वाट कधी पाहिली नाही.
दोरीच्या या टोकाला शेवटचा चिमटा लावेपर्यंत
त्या टोकाचा पहिला शर्ट कडक झालेला असायचा.
त्या उन्हाला आम्ही बारा वर्षं शिव्या घातल्या.
आता त्याचीच चौकशी करत फिरतोय साताऱ्यात,
ऑगस्टातल्या एका रविवारी,
बदलीचा कागद, दोघांत एक छत्री,
आणि माझ्या पर्समध्ये निहारचे तीन मोजे.

नाव ठेवताना कोशात अर्थ पाहिला होता : दव, धुकं.
छान वाटलं. भुसावळात कुठलं आलंय धुकं.
आता डॉक्टर म्हणतात, दमट हवा टाळा,
आणि रात्री श्वास मोजा,
मिनिटाला चाळीसच्या वर गेले तर थांबू नका.

फडतरे एजंट म्हणाले, शाहूपुरी बघा, फॅमिली एरिया,
शाळा चालत, बाग चालत, खिडकीत थेट यवतेश्वर.
खिडकीत नुसतं पांढरं होतं.
“आत्ता दिसत नाही,” फडतरे म्हणाले, “पण आहे.”
मी नळ सोडला, एक मोजा भिजवला, पिळला,
गॅलरीतल्या खिळ्याला अडकवला.
नवरा जिना उतरून गेला होता.
अशा वेळी तो नेहमी उतरून गेलेला असतो.

रिक्षावाला म्हणाला, हितं पाऊस पूर्वेला जाईल तसा पातळ हुतो,
पंगतीच्या शेवटाला कढी हुती तसा.
म्हणून दुसरा मोजा गोडोलीत,
तिसरा कोडोलीत.
एका अक्षराचा फरक. मला बघायचं होतं, पावसाचा किती.

संध्याकाळी गोळा करायला निघालो.
कोडोलीतला खडखडीत. पावलाच्या आकारात उभा राहील असा.
पण समोर कारखान्याची भिंत, वळणारे ट्रक,
अख्ख्या इमारतीत एकाही पोराची सायकल नाही,
दारोदार कुलपं, सगळे शिफ्टला.
वाळलेला मोजा हातात घेऊन मी उगाच हाक मारली,
“आहे का कोणी?”
जिन्यानं माझाच आवाज आणून दिला.

शाहूपुरीतला
सकाळी होता त्याहून ओला.
बोटांपाशी थेंब धरून बसलेला.

गोडोलीत खिळा होता, मोजा नव्हता.
शेजारचं दार उघडलं. पिठाचे हात. शमीम नदाफ.
“तीनला सर आली बघा. म्हटलं कुणाच्या तरी लेकराचा आसंल,
घेतला आत. तव्याच्या कडंला ठेवलाय.”
झालं. सगळं मोजमाप बिघडलं.
मी विचारलं, हवा कशी आहे हो इथली?
“हवा व्हय? ओलीच की.
गणपती हुईपर्यंत गोधडीला वास जात न्हाई.”
फडतरे खोकले.
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मोज्याकडं.
“दमा हाय का लेकराला?”
मी मान हलवली.
“माझ्या धाकटीला बी.
रात्री दोनला कुठला दवाखाना दार उघडतो
आन् कुठला नुसता दिवा लावून ठेवतो,
सगळं ठावं हाय मला.
वाफेचं मशीन हाय. कवाबी दार वाजवा.”

टोकन दोन हजार दिले.
नवऱ्यानं एवढंच विचारलं,
“म्हणजे मोजे कशासाठी टांगले होते?”

स्टँडवरून निहारला फोन लावला, मावशीकडे.
घराला गच्ची आहे का, मांजर चालतं का,
आणि माझे मोजे वाळले का?
एक वाळला, म्हटलं, एक भिजला,
एकाला भाकरीचा वास येतोय.
तो गप्प झाला. त्याचा श्वास ऐकू येत होता,
सवयीनं मी मोजायला लागले.
“मग चौथा?”

चौथा राहिला भुसावळात, दोरीवरच,
केव्हाचा वाळून.